आधी पाणी, मग तुळई, शेवटी नकाशा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातला काकूंचा फोन आला. "अगं, मागच्या खोलीत पाणी आलंय. वरून नाही, खालून."

घर नवं होतं, मीच आखलेलं. मे महिन्याच्या अखेरीस वास्तुशांत झाली होती. मी दुपारी पोचले तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता आणि कौलातून थेंबही गळत नव्हता. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून मात्र पाणी वर येत होतं. थंडगार, स्वच्छ पाणी. काकू पोछा पिळायच्या, बादली बाहेर रिती करायच्या आणि परत येईपर्यंत सांधे पुन्हा भरलेले असायचे.

या घराचे फोटो पाहणारे मला लाकडाबद्दल विचारतात. वाड्याच्या तुळया कुठे मिळाल्या, खांबांना पॉलिश कोणतं केलं, झोपाळ्याच्या कड्या जुन्याच आहेत का. त्याबद्दलही सांगणार आहे. पण या कामाने मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं त्या फरशीखाली होतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

जागा भोर तालुक्यात, वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. काकांच्या वडिलोपार्जित शेतातले २२ गुंठे. काका-काकू दोघंही पुण्यात शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर गावीच राहायचं हे त्यांचं कधीचं ठरलेलं होतं. मागे उत्तरेला डोंगर, पुढे दक्षिणेला उतार. नळीत पाणी भरून लेव्हल काढली तर उतार साधारण १:७ निघाला, म्हणजे सात फूट पुढे गेलं की एक फूट खाली. डोंगरउतार १:५ किंवा त्याहून तीव्र असेल तर राज्याच्या विकास नियमांनुसार तिथे बांधकाम करता येत नाही. हा आकडा मी डोंगरात घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते आणि कागदपत्रांच्या आधी उतार मोजायला लावते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. तोवर डोंगराने दीड महिना पाणी पिऊन घेतलेलं असतं.

घरापुढे मोठं सपाट अंगण हवं, अशी काकांची इच्छा होती. घर आणि अंगण मिळून छप्पन्न फुटांची सपाटी जेसीबीने एका दुपारात झाली असती. पण ती सगळी सपाटी डोंगर कापून केली तर मागे आठ फुटांचा उभा कडा उरतो, उताराचा पाय कापला जातो आणि वरच्या मातीला ज्याचा आधार होता तेच निघून जातं. मी हे कागदावर काढून दाखवलं. काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अंगण पायऱ्यांचं करू." हा निर्णय त्यांचा. या घरात सुरक्षिततेसाठी यापेक्षा मोठं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

घर आडवं पसरलं, उताराच्या रेषेला धरून. मागची रांग वर, पुढची रांग दोन फूट खाली, मध्ये सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या. त्यामुळे प्रत्येक रांगेत मागे जेमतेम एक फूट खोदाई आणि पुढे एक फूट भराव. पाया मात्र भरावावर कुठेच नाही. तो सगळीकडे मूळ जमिनीखालच्या घट्ट मुरमात गेला आहे, पुढच्या बाजूला त्यासाठी जास्त खोल जावं लागलं तरी.

आता लाकूड.

पुण्यात पेठेतला एक वाडा पाडायला काढला होता. दर वर्षी निघतात तसाच. अशा वाड्यातलं सागवान वखारीत जातं, तिथे घनफुटावर विकलं जातं आणि बहुतेक वेळा त्याच्या फळ्या कापून फर्निचर होतं. आम्ही ते अख्खं उचललं: नऊ तुळया, चौदा खांब, चार दाराच्या चौकटी, कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, आडव्या कड्या आणि तक्ते. वाडा उभा असताना एकदा जाऊन पाहून आलो होतो, ते फार बरं झालं. कुठली तुळई कुठे होती, कुठल्या भिंतीला ओल होती, हे वखारीतल्या ढिगाकडे बघून कधीच कळत नाही.

सुतारमामा हे भोरचेच. त्यांची लाकूड तपासायची पद्धत मी वहीत लिहून ठेवली आहे. तुळई दोन ओंडक्यांवर ठेवायची, एका टोकापासून वीतभर अंतराने हातोडीची पाठ मारत जायची आणि ऐकायचं. घट्ट लाकूड टणकन बोलतं. आतून पोखरलेलं असेल तिथे आवाज भद्द होतो आणि दोन वितांनी पुन्हा टणक. नवापैकी दोन तुळया अशा निघाल्या. बाहेरून पाहिलं तर त्याच सगळ्यांत देखण्या होत्या. मग तुळईवरून चुंबक फिरवायचा. जुन्या लाकडात तुटलेल्या खिळ्यांचे तुकडे आत बुडालेले असतात आणि एक खिळा करवतीच्या पात्याचे दात घालवतो. एका तुळईतले खिळे काढायला मामांचा दीड दिवस जायचा. जुनं लाकूड स्वस्त पडतं हे खरेदीपुरतं खरं आहे. सुतारकाम नव्या लाकडापेक्षा महाग पडलं आणि ते रास्तच होतं, कारण काम दुप्पट होतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट टोकांची. तुळईची जी टोकं शे-दीडशे वर्षं भिंतीत गाडलेली असतात, ती आधी कुजतात. भिंतीची ओल तिथे साठते, हवा लागत नाही आणि वाळवीला वाट तिथूनच मिळते. मामांनी प्रत्येक टोकाचा एक-एक फूट कापायला सांगितला. १५ फुटांची तुळई झाली १३ फुटांची. भिंतीवर दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकायला हवं. म्हणजे खोलीला उरले साडेअकरा फूट.

माझ्या नकाशात खोल्या १४ फुटांच्या होत्या.

दोन दिवस मी तुळया सांधायच्या, लोखंडी पट्ट्या लावायच्या, मध्ये खांब द्यायचा असे उपाय करत बसले. मग मामा म्हणाले, "बाई, घर किती खणांचं ते तुळई ठरवते. आमच्यात तसंच." दोन खांबांमधली जागा म्हणजे खण आणि जुनी माणसं अजून घर खणांतच मोजतात. आमच्या लाकडाने त्याचं माप आधीच ठरवून ठेवलं होतं. मी नकाशा पुसला. खोल्या साडेअकरा फुटांच्या झाल्या, दीड-दीड फुटाच्या तीन भिंती धरून घराची खोली साडेसत्तावीस फूट आली आणि गंमत म्हणजे त्याच मापाला वर सांगितलेली दोन फुटांची पायरी अचूक बसली. मोठ्या खोल्यांच्या नकाशात मागची खोदाईही जास्त होती.

एका तुळईला झोपाळ्याच्या दोन लोखंडी कड्या होत्या. कडी जिथे घासत आली तिथे लोखंड करंगळीइतकं बारीक झालं होतं आणि लाकडात वाटीसारखा खळगा पडला होता. किती दुपारी कोण कोण तिथे बसलं असेल. कड्या बदलल्या, कारण त्या आता वजन पेलणार नव्हत्या. खळगा तसाच ठेवला. ती तुळई ओटीवर आहे आणि काका संध्याकाळी तिच्याखाली झोके घेत वाचत बसतात. जुन्या कड्या काकूंनी देवघराशेजारी खुंटीला अडकवल्या आहेत.

गांधीजींनी १९३७ साली 'हरिजन'मध्ये आदर्श खेड्याचं वर्णन करताना लिहिलं होतं की तिथली घरं पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाची असतील. केरळात काम केलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी हे वाक्य आयुष्यभर गांभीर्याने घेतलं. काकांनी पहिल्या दिवशी मला तेच ऐकवलं होतं. आमचं लाकूड पुण्याहून ट्रकने आलं, शहाबादी फरशी त्याच वाड्यातली पण मुळात कर्नाटकातली. तेव्हा पाच मैलांची अट आम्ही पाळली असं मी म्हणणार नाही. दगड, माती, मुरूम आणि कौलं मात्र त्या रिंगणातलीच.

दगड तर जागेवरचाच. पायाच्या खोदाईत निघालेले धोंडे वडार मंडळींनी सुतकीने फोडले आणि तोच काळा दगड भिंतींत गेला. इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, कारण नैसर्गिक सामानाच्या ओढीने लोक नेमकी तीच विसरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली, त्यातली बरीचशी स्वतःच्या घराच्या दगडी भिंतींखाली गेली. त्या भिंती जाडजूड होत्या, पण आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पापुद्रे, मध्ये दगडगोट्यांची भर आणि दोघांना बांधणारं काहीच नाही. हादरा बसला की पापुद्रे फाकतात आणि वरचं माळवदाचं मातीचं ओझं खाली येतं. कोयनेचा १९६७ चा भूकंप आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. म्हणून आमच्या भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि आडव्या दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड आहे. वडार मिस्त्रींना असे दगड निवडून बाजूला काढून ठेवायला सांगितले होते आणि रोज संध्याकाळी मी ते मोजायचे. जोत्यावर आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावर सगळ्या घराभोवती सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा आहे. घर "शंभर टक्के नैसर्गिक" नाही, हे त्या पट्ट्यांमुळे. मला त्याची खंत नाही. मातीत आणि चुन्यात बांधलेल्या दगडी घराला तो पट्टा नसता तर मी काका-काकूंना तिथे झोपू दिलं नसतं.

कौलं मिळवायला फिरावं लागलं नाही. वानरांच्या त्रासाला कंटाळून गावोगावी लोक कौलं उतरवून पत्रे घालतात, तेव्हा कौलांचे ढीग परड्यात पडलेले असतात. ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे या हिशोबाने गोळा केली. प्रत्येक कौल वाजवून घेतलं, भेगाळलेलं लगेच बोदं वाजतं. एक चूक मात्र वेळेवर लक्षात आली. मंगलोरी कौलं सगळी सारखीच दिसतात, पण वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा थोडा फरक असतो आणि एकाच्या खाचेत दुसऱ्याची कड नीट बसत नाही. ढीग मिसळून चढवले असते तर पहिल्या झडीत घर चाळणीसारखं गळलं असतं. म्हणून पाठीवरचे छाप बघून कौलं वेगळी केली आणि एका पाख्याला एकाच छापाची लावली. मंगळूरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या बासेल मिशनचा छाप असलेल्या कौलांवर १८६५ हा आकडा आहे. काका हरखून गेले होते, पण ते कारखान्याच्या स्थापनेचं साल, त्या कौलाचं नव्हे. वानरांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. शंभर कौलं जादा आणून मागे रचून ठेवली आहेत.

वीज, नळ, स्वयंपाकघर यांत विशेष काही नाही. नव्या घरात असतं तसंच.

चुन्याच्या गिलाव्यात मी चुकले. कळीचा चुना टाकीत विझवून तीन आठवडे मुरवला, सुरखी म्हणजे विटांची भुकटी आणि वाळू घालून मळला, गूळ आणि हिरड्याचं पाणी टाकलं, सगळं रीतीने केलं. पण पश्चिमेच्या भिंतीचं काम लांबत गेलं आणि शेवटचा हात मेच्या तिसऱ्या आठवड्यात फिरला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि ही क्रिया बाहेरून आत, अतिशय हळू होते. त्याला आठवडे नाहीत, महिने लागतात. वरचा पापुद्रा कडक दिसत होता, आत लोणी होतं. जूनचा पाऊस त्या भिंतीवर आडवा आला आणि महिन्याभरात हाताएवढे तुकडे सुटले. तारीख बघून मी थांबायला हवं होतं. वास्तुशांतीचा मुहूर्त आला होता आणि अर्धी भिंत उघडी ठेवायचा मला संकोच वाटला. दिवाळीनंतर उरलेला गिलावा काढून टाकला, दगड उघडा ठेवून फक्त दगडांमधल्या दरजा भरल्या. आता पावसाळ्यात त्या अंगाला पेंढ्याचा झाप बांधतात. शेजारच्या आबांच्या घराला तो पहिल्यापासून होता. मी तिथे चहा प्यायला बसत असे आणि त्या झापाकडे बघून तो का आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

त्या जुलैच्या दुपारी आबाही इरलं घेऊन आले होते. मागच्या खोलीत डोकावून म्हणाले, "ताई, हितं उपळा फुटतो. पयल्यापासनं. ह्यो लव्हाळा बघा की." उपळा म्हणजे पावसाळ्यात जमिनीतून फुटणारा झरा. भिंतीपासून चार हातांवर, उताराच्या वरच्या अंगाला, ओलीत वाढणाऱ्या हिरव्यागार लव्हाळ्याचा पट्टा होता. जमिनीची मोजणी मी फेब्रुवारीत केली होती. तेव्हा तिथे पिवळं गवत होतं, सगळीकडे असतं तसंच. लव्हाळ्याची वाळलेली बेटं तेव्हाही असणारच, पण माझी नजर पट्टीवर होती.

सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला आहे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा घट्ट पट्टा असतो. वरच्या भेगाळ खडकातून पावसाचं पाणी झिरपत उतरतं, त्या पट्ट्याशी अडतं आणि आडवं चालत चालत उतारावर जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. पायाच्या खोदाईत पूर्वेच्या कोपऱ्यात तांबडी माती लागली होती. मिस्त्रींनी मला दाखवलीही होती. मी तिचा मूठभर नमुना घेतला, रंग छान आहे म्हणून. आम्ही मागची भिंत बरोबर त्या पाण्याच्या वाटेवर उभी केली होती.

भर पावसात पायालगत खोदणं धोक्याचं. म्हणून भिंतीपासून चार फूट सोडून, एका वेळी सहाच फूट लांबीचा चर हाताने खणायचा, दगडांनी भरायचा आणि मगच पुढचे सहा फूट घ्यायचे, असं ठरवलं. चराचा तळ आतल्या फरशीच्या दीड फूट खाली, पूर्वेच्या ओहोळाकडे शंभराला एक फूट उतार. तळाला मोठे दगड, वर खडी, तिच्यावर जाड वाळू, म्हणजे पाणी गाळून येतं आणि माती चरात उतरत नाही. सगळ्यांत वर फुटक्या कौलांचे तुकडे आडवे मांडले आणि माती ओढली. अकरा दिवस लागले. पहिल्या सहा फुटांतच पाण्याने दिशा बदलली होती. नवव्या दिवशी फरशीचे सांधे सुकायला लागले. काकूंनी त्या खोलीत रांगोळीचं एक टिंब काढून ठेवलं, विरघळतंय का ते बघायला. ते राहिलं.

नोव्हेंबरात त्या खोलीतली फरशी उचलली, खाली नऊ इंच दगडांचं सोलिंग केलं, त्यातून चराकडे एक वाट ठेवली आणि त्याच फरश्या पुन्हा बसवल्या. घराच्या वरच्या अंगाला, लव्हाळ्याच्याही वर, डोंगरावरून पृष्ठभागाने येणारं पाणी वळवणारा आणखी एक उघडा चर काढला. मागच्या फूटभर खोदाईपुढची ताल, म्हणजे माती धरणारी बुटकी भिंत, सुक्या दगडाचीच ठेवली, चुना-सिमेंट काही नाही. सुक्या तालीतून पाणी हवं तिथून निघून जातं, मागे दाब साठत नाही. या भागातल्या भातखाचरांच्या ताली अशाच असतात आणि आबांच्या आजोबांनी घातलेली एक अजून उभी आहे.

काम पुन्हा करायचं झालं तर मी पावसाळ्यात चार वेळा तिथे जाईन. पाणी कुठून निघतं, कुठे मुरतं, गवत कुठे लवकर हिरवं होतं, हे बघून तिथे खुंट्या ठोकेन. मागची भिंत सहा फूट पुढे सरकली असती तर उपळा घराच्या मागे मोकळा वाहिला असता आणि काकूंना भांडी धुवायला चार महिने पाणी मिळालं असतं.

काकांना मी एक काम सांगून ठेवलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी चराच्या तोंडाशी पेला भरायचा आणि उजेडात धरून बघायचा. पाणी नितळ असेल तर चर नुसतं पाणी नेतोय. गढूळ झालं, अचानक आटलं किंवा नव्या जागी फुटलं, वरच्या जमिनीत भेग दिसली, झाड कललं, तर सामान न आवरता खाली गावात आबांच्या भावाकडे जायचं आणि मग मला फोन करायचा. काका शिक्षक, त्यांनी वही केली आहे. तारीख, पावसाचं माप, पाण्याचा रंग. गेल्या ऑगस्टमध्ये चार दिवस लागून पाऊस होता आणि फोन लागत नव्हता. पाचव्या दिवशी रेंज आल्यावर एक फोटो आला: ओटीच्या कठड्यावर ठेवलेला काचेचा पेला, त्यातून पलीकडचा डोंगर दिसतोय, थोडा वाकडा, पण स्वच्छ.